रडारवरची जेटी आणि नकाशातली जेटी जुळत का नाही?

(हे आपल्या पॉडकास्टच्या भागाचं लिखित रूप आहे. ऐकताना आकडे निसटतात अशी तक्रार आली होती, म्हणून आकड्यांचा भाग जरा सावकाश लिहिला आहे.)

आजचा विषय एका श्रोत्यानं दिलेला. मूळचा अकोल्याचा, सध्या मुंबई बंदरात एका छोट्या बोटीवर कामाला. त्यानं स्क्रीनचा फोटो पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं, "दादा, जेटी दोन दोन दिसतात. खरी कोणती?"

फोटोत खाली इलेक्ट्रॉनिक नकाशा, म्हणजे किनारा, खोलीचे आकडे, बोये, जेटी. आणि त्याच्यावर रडारचं चित्र पारदर्शक करून पसरलेलं. नकाशातली जेटी काळ्या रेघेनं आणि रडारमधली जेटी लाल पट्ट्यानं. दोन्ही एकावर एक बसायला हवेत. बसले नव्हते. लाल पट्टा तिरका होऊन पाण्यात शिरला होता.

आता तुम्ही म्हणाल, अमरावतीच्या पोट्ट्याला समुद्राशी काय घेणं? आपल्यापासून समुद्र पाचशे किलोमीटरहून लांब. पण माझं रोजचं काम सॉफ्टवेअरचं आहे, आणि दोन वेगळ्या ठिकाणांहून आलेला डेटा एका पडद्यावर जुळवणं ही तर आमची रोजची भाकरी. शिवाय या गोष्टीचा एक धागा थेट अचलपूरपर्यंत येतो. तो पुढे सांगतो.

आधी हे समजून घेऊ की नकाशा आणि रडार या दोघांना जग वेगळं दिसतं. नकाशाला अक्षांश-रेखांश माहीत असतात. अमुक जेटी पृथ्वीवर कुठे आहे, हे त्यात लिहिलेलं असतं. रडारला यातलं काहीच कळत नाही. ते रेडिओ लहर सोडतं, ती कशावर तरी आपटून परत येते, आणि त्याला फक्त दोन गोष्टी मिळतात. लहर परत यायला किती वेळ लागला, त्यावरून अंतर. आणि त्या क्षणी अँटेना कुठे वळलेली होती, त्यावरून दिशा. ही दिशासुद्धा उत्तरेपासून नाही बरं का, बोटीच्या नाळेपासून. म्हणजे रडार म्हणतं, "माझ्या नाकापासून उजवीकडे ४० अंशांवर, ९०० मीटरवर काहीतरी आहे." बस.

हे वाक्य नकाशावर मांडायचं तर आणखी दोन गोष्टी लागतात. बोट कुठे आहे, हे जीपीएस सांगतो. आणि बोटीचं नाक कुठल्या दिशेला आहे, हे होकायंत्र सांगतं. म्हणजे पडद्यावरचा एकेक लाल ठिपका हा चार वेगळ्या मोजमापांचा हिशेब असतो. त्यातलं एक जरी चुकलं, तरी जेटी दोन दिसणार.

गंमत अशी की प्रत्येक चूक वेगळ्या चालीनं चुकते. ती चाल ओळखता आली की अर्धं काम झालं.

सगळं चित्र बोटीभोवती फिरल्यासारखं दिसत असेल, जवळ थोडं आणि लांब गेलं की जास्त, तर दिशा चुकते आहे. अंदाज ठेवायला एक आकडा पाठ करून ठेवा. एक सागरी मैल म्हणजे १८५२ मीटर, आणि एका मैलावर एक अंशाची चूक म्हणजे साधारण ३२ मीटर. तीन मैलांवर ९७ मीटर. सहा मैलांवर १९० च्या पुढे. एक अंश ऐकायला काहीच वाटत नाही, पण नाळेसमोर सहा मैलांवरचा बोया जागेवरून दोनशे मीटर हलतो.

चित्र फिरलेलं नसून नुसतं सरकलं असेल, जवळही तेवढंच आणि लांबही तेवढंच, तर जागेची चूक आहे. इथे एक छान चाचणी आहे. बोट वळवून बघा. उत्तरेला तोंड असताना चित्र पूर्वेला सरकलेलं होतं, दक्षिणेला तोंड केल्यावरही पूर्वेलाच सरकलेलं राहिलं, तर भानगड नकाशाची किंवा जीपीएसची. पण बोट वळल्यावर सरकण्याची दिशाही वळली, तर भानगड बोटीवरची आहे. जीपीएसची अँटेना एकीकडे, रडारची दुसरीकडे, आणि सॉफ्टवेअरला दोघांमधलं अंतर सांगितलेलंच नाही. दहा मीटरच्या होडीवर हे खपून जातं. अडीचशे मीटरच्या जहाजावर जीपीएस मागच्या टोकाला असेल आणि रडार पुढे, तर फरक केवढा, हिशेब तुम्हीच करा.

तिसरी चाल जरा मजेशीर आहे. सरळ जेटीच्या बाजूने, अगदी जवळून जाताना रडारवर ती वाकलेली दिसते, धनुष्यासारखी. ही अंतराची चूक. रेडिओ लहर जाऊन-येऊन एका मायक्रोसेकंदात १५० मीटर अंतराचा हिशेब देते. अँटेनापासून पडद्यापर्यंतच्या तारेत आणि सर्किटमध्ये जो वेळ जातो, तो वजा करावा लागतो. तो मायक्रोसेकंदाच्या दहाव्या भागाने चुकला तर प्रत्येक अंतरात १५ मीटरची भर पडते. दोन मैलांवर १५ मीटर कोणाला दिसत नाहीत. पण ३० मीटरवरच्या भिंतीत १५ मीटर म्हणजे भिंतीचा आकारच बदलतो. म्हणून ही चूक दुरुस्त करायची पद्धतही साधी आहे. सरळ धक्क्याशेजारी उभं राहायचं आणि धक्का पडद्यावर सरळ दिसेपर्यंत सेटिंग हलवायचं. फुटपट्टीही लागत नाही.

आता त्या अकोल्याच्या मित्राचा फोटो. त्याचं चित्र फिरलेलं होतं, म्हणजे दिशेची चूक. मी विचारलं, बोटीवर होकायंत्राचा सेन्सर आहे का? उत्तर आलं, "नाही, सगळं जीपीएसवर आहे."

हेच ते. साधा जीपीएस बोटीचं नाक कुठे आहे ते सांगत नाही. बोट कुठल्या दिशेला सरकते आहे, एवढंच सांगतो. रस्त्यावर गाडीला दोन्ही एकच असतात, म्हणून आपल्याला हा फरक जाणवत नाही. पाण्यात तसं नसतं. पूर्णेला पूर आलेला असताना कोणी पोहत पलीकडे जात असेल तर त्याचं तोंड समोरच्या काठाकडे असतं आणि तो जातो मात्र तिरपा. बोटीचंही असंच. समजा बोट ६ नॉट वेगानं चालली आहे आणि बाजूने २ नॉटचा प्रवाह आहे. नाक आणि प्रत्यक्ष चाल यात १८ अंशांचा फरक पडतो. एका मैलावर सुमारे सहाशे मीटर! आणि बोट धक्क्याला बांधलेली असेल तर विचारूच नका. जीपीएसला चालच नसते, तो इकडून तिकडे काहीबाही दिशा दाखवतो आणि रडारचं चित्र भोवऱ्यासारखं फिरत राहतं.

म्हणून रडार नकाशावर टाकायचं तर खरा दिशा-सेन्सर लागतोच. मोठ्या जहाजांवर जायरो होकायंत्र असतं. लहान बोटीवर इलेक्ट्रॉनिक चुंबकीय होकायंत्र किंवा दोन अँटेनांचं उपग्रह होकायंत्र. चुंबकीय स्वस्त, पण त्याची एक खोड आहे. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यातला फरक मुंबईच्या आसपास एका अंशाच्या आतच आहे, त्याची फार काळजी नाही. काळजी आहे बोटीवरच्या लोखंडाची. इंजिन, केबिनमधला स्पीकर, शेजारी ठेवलेली पान्ह्यांची पेटी, सगळे सुईला आपल्याकडे ओढतात. आणि ही ओढ बोट कुठल्या दिशेला आहे त्यावर बदलते. पूर्वेला जाताना ३ अंश जास्त, पश्चिमेला जाताना २ अंश कमी, असं.

आता इथे बहुतेक लोक जे करतात ते सांगतो, आणि ते करू नका असंही सांगतो. सेटिंगमध्ये रडारची दिशा जुळवायचं एक बटण असतं. जेटी तिरकी दिसली की लोक ते बटण फिरवतात आणि लाल पट्टा काळ्या रेघेवर बसला की खूश. पण पडद्यावरची दिशा म्हणजे होकायंत्राचा आकडा अधिक रडारचा आकडा. दोघांची बेरीज. बेरीज एका दिशेला जुळवणं सोपं आहे, चूक कुठल्या आकड्यात आहे ते न कळताही जमतं. वरच्याच उदाहरणात तुम्ही पूर्वेला जाताना होकायंत्राचे ३ अंश रडारच्या बटणानं मारून टाकले. संध्याकाळी पश्चिमेला परत निघालात. आता होकायंत्राचे उणे २ आणि तुम्ही घातलेले उणे ३, एकूण ५ अंश. दोन मैलांवर सव्वातीनशे मीटर. जाताना दिवस होता, डोळ्यांनी दिसत होतं. येताना अंधार, वर आषाढातला पाऊस. जुळवाजुळव केली नसती तर बरं झालं असतं, निदान पडद्यावर विश्वास तरी बसला नसता.

त्यामुळे क्रम महत्त्वाचा. रडारची दिशा नकाशाशी जुळवायचीच नाही, डोळ्यांशी जुळवायची. रडार नाक-वर या पद्धतीत ठेवायचं, एखादा एकटा, बारीक, स्थिर खुणेचा दगड किंवा बोया मैलभर लांब शोधायचा. कुलाब्याच्या दक्षिण टोकाजवळचं १८७५ सालचं प्रॉन्ग्जचं दीपगृह अशा कामाला उत्तम. नाळ बरोबर त्याच्यावर धरायची. बाहेर ते नाकासमोर आहे ना, मग पडद्यावरही नाकाच्या रेघेवर आलं पाहिजे. नसेल तर तेवढंच बटण फिरवायचं. यात होकायंत्राचा काही संबंधच आला नाही, म्हणून त्याची चूक यात मिसळू शकत नाही. त्यानंतर शांत पाण्यात बोट सावकाश पूर्ण गोल फिरवून होकायंत्र दुरुस्त करायचं. बहुतेक सेन्सर हे स्वतः शिकतात, फक्त तशी आज्ञा द्यावी लागते. मग अँटेनांमधली अंतरं टेपने मोजून भरायची. आणि हे सगळं झाल्यावर पहिल्यांदा नकाशाकडे बघायचं.

यात एक भाग खास आमच्या धंद्यातला आहे, म्हणून थोडा रेंगाळतो. छोट्या रडारची अँटेना मिनिटाला साधारण २४ फेरे मारते, म्हणजे एका फेरीला अडीच सेकंद. बोट सेकंदाला ६ अंशांनी वळत असेल तर एका फेरीत ती १५ अंश वळलेली असते. म्हणजे चित्राची सुरुवात एका दिशेला तोंड असताना झाली आणि शेवट दुसऱ्या. सॉफ्टवेअरने प्रत्येक आऱ्याला, हो, रडारच्या एका रेघेला आम्ही चाकाचा आराच म्हणतो, त्या त्या क्षणाची दिशा चिकटवायला हवी. होकायंत्र सेकंदातून एकदाच बोलत असेल तर मधल्या आऱ्यांना शिळी दिशा मिळते. सेकंदभर शिळी दिशा म्हणजे ६ अंश, अर्ध्या मैलावर जवळजवळ शंभर मीटर. व्हिडिओत ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो, तसं. म्हणून या कामासाठी सेकंदाला दहा वेळा दिशा देणारा सेन्सर घ्या असं सांगतात. जुनी ४८०० बॉडची तार असेल तर तिच्यातून एवढं बोलणं धड जातही नाही. ओळखायची खूण सोपी आहे. सरळ जाताना सगळं जुळतं, वळताना फिसकटतं, आणि वळण संपलं की पुन्हा जुळतं.

बरं, सगळं बरोबर केलं. तरी जेटी दोनच दिसते. मग? मग नकाशाकडे संशयाने बघायची वेळ आली.

आणि इथे आपलं वऱ्हाड येतं. भारताचे जुने नकाशे ज्या पायावर काढले गेले, तो पाया एकोणिसाव्या शतकातल्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा. विल्यम लॅम्बटन दक्षिणेकडून मोजत मोजत वर आला आणि २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारला. वर्ध्याजवळचं आपलं हिंगणघाट. त्याच्या मागून जॉर्ज एव्हरेस्टनं काम पुढे नेलं. १८३० साली त्यानं जो हिशेब छापला, तो तेलंगणाच्या बाजूच्या दमरगिड्ड्यापासून मध्य प्रदेशातल्या कल्याणपूरपर्यंतचा, आणि त्यातलं मधलं ठाणं होतं इंग्रजी नोंदींतलं टाकल खेडा, एलिचपूरजवळ. म्हणजे आपलं अचलपूर. त्या मोजणीतून पृथ्वीचा आकार काढला गेला, त्याला एव्हरेस्ट गोलाभ म्हणतात. त्यात विषुववृत्ताची त्रिज्या सुमारे ६३,७७,२७६ मीटर. जीपीएस आज जो आकार वापरतो त्यात ती ६३,७८,१३७ मीटर. ८६१ मीटरचा फरक, आणि दोघांचे मध्यबिंदूही एका जागी नाहीत.

एव्हरेस्ट चुकला असा याचा अर्थ नाही. बैलगाड्या, साखळ्या आणि हिवतापाच्या काळात भारतापुरता इतका नेमका आकार काढणं ही मला तरी आजही थक्क करणारी गोष्ट वाटते. फक्त त्याचे अक्षांश-रेखांश आणि जीपीएसचे अक्षांश-रेखांश ही दोन वेगळी नाणी आहेत. बदलून न घेता वापरली तर मुंबईजवळ जागा शंभर मीटरच्या आसपास सरकते. अचलपूरला शेताच्या चार बांधांवरून उडी मारल्यासारखं. गट नकाशा उपग्रहाच्या चित्रावर टाकून बघितलेल्यांना हे दुखणं चांगलं माहीत असेल. जुन्या कागदी चार्टवर म्हणून तर टीप छापलेली असे की उपग्रहावरून आलेली जागा इतकी इकडे सरकवून मांडा.

आजचे अधिकृत इलेक्ट्रॉनिक चार्ट जीपीएसच्याच पायावर असतात. आपल्याकडे ते नौदलाचं जलसर्वेक्षण कार्यालय काढतं, आणि ते आहे डेहराडूनला. समुद्राचे नकाशे डोंगरात! तेव्हा वऱ्हाडातून समुद्रावर बोललो तर इतकं काही बिघडत नाही. पण पाया बदलला म्हणजे मूळ मोजणी नवी झाली असं नाही. म्हणून चार्टमध्येच प्रत्येक भागाला भरवशाचा दर्जा दिलेला असतो. सगळ्यात वरच्या दर्जात जागेची चूक ५ मीटर आणि खोलीच्या ५ टक्के, एवढीच धरतात. त्याखाली २० मीटर, मग ५० मीटर, आणि सी दर्जाला ५०० मीटर. हा दर्जा पडद्यावर दाखवता येतो, पण मेन्यूत आत कुठेतरी दडलेला असतो आणि फार लोक उघडत नाहीत. सी दर्जाच्या भागात जेटी ८० मीटर सरकलेली दिसली तर रडारला शिव्या देऊ नका.

कधी कधी मात्र दोघेही खरे असतात आणि तरी जुळत नाहीत. नकाशातला किनारा म्हणजे भरतीच्या पाण्याची रेघ. मुंबईत मोठ्या भरती-ओहोटीत पाणी साडेचार-पाच मीटर वर-खाली होतं. ओहोटीला खाडीतला चिखल उघडा पडतो, मध्येच खारफुटीची भिंत, मागे उंच इमारती, आणि रडारला जे उंच आणि टणक तेच ठळक दिसतं. शिवाय छोट्या रडारचा झोत ४-५ अंश रुंद असतो. तीन मैलांवर ४ अंश म्हणजे सुमारे ३९० मीटर. तिथला एकटा बोया पडद्यावर आडव्या पट्ट्यासारखा फाकतो. त्यात बोया कुठे आहे? पट्ट्याच्या मधोमध. टोकाला जुळवाल तर फसाल.

झोताच्या रुंदीचं हे गणित तुम्ही घरबसल्या बघू शकता. हवामान खात्याचं नागपूरचं रडार आपल्यापैकी कित्येक जण पावसाळ्यात मोबाइलवर उघडतात. त्याचा झोत बराच बारीक, साधारण एक अंशाचा. पण अमरावती तिथून १४० किलोमीटर, म्हणजे झोत अडीच किलोमीटर रुंद झालेला. अकोल्यापर्यंत पोचेस्तोवर जवळजवळ चार. वर पृथ्वी गोल आहे, त्यामुळे अकोल्यावर तो झोत साडेचार-पाच किलोमीटर उंचावरून जातो. मग आपल्या शिवारात पाऊस नाही आणि पडद्यावर ढग आहे, किंवा उलटं, यात नवल काय?

आता एवढ्या उपद्व्यापाचं काम काय? नुसता नकाशा आणि जीपीएस पुरे नाही का? ७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ ही जहाजं धडकली. चित्रा कलली, शेकडो कंटेनर पाण्यात पडले आणि काही दिवस बंदरांची वाहतूक बंद ठेवावी लागली. तरंगणारे कंटेनर कुठल्याही चार्टवर नव्हते. चार्ट म्हणजे मोजणी झाली तेव्हाचं जग, रडार म्हणजे या अडीच सेकंदांतलं.

आणि जीपीएसच चुकला तर? १० जून १९९५ ला अमेरिकेच्या नँटुकेट बेटाजवळ रॉयल मॅजेस्टी हे प्रवासी जहाज वाळूत रुतलं. त्याच्या जीपीएसची अँटेनाची तार निसटली होती. यंत्र गुपचूप अंदाजावर चालू राहिलं आणि जहाज ठरल्या वाटेपासून सुमारे १७ मैल बाजूला गेलं. नकाशावरचं जहाजाचं चिन्ह मात्र वाटेवर होतं. रडारला जीपीएसची गरज नसते. ते किनारा आहे तिथेच दाखवतं. नीट जुळवलेलं रडारचं चित्र एकाएकी नकाशावरून सरकायला लागलं, तर ती जीपीएस बिघडल्याची पहिली बातमी असते. हल्ली काही भागांत जीपीएस मुद्दाम बिघडवलाही जातो, तिथेही हीच बातमी आधी कळते. म्हणूनच काही सॉफ्टवेअरमध्ये चार्ट ओढून रडारवर बसवायची सोय असते तिचा मला राग येतो. बातमी आली की तिचं तोंड दाबायचं.

लॅपटॉपवर हात चालवायचा असेल तर ओपनसीपीएन नावाचं फुकट आणि खुलं सॉफ्टवेअर आहे, त्याला रडारचं प्लगिनही मिळतं. अमेरिकन किनाऱ्याचे अधिकृत चार्ट त्यांची संस्था नोआ फुकट देते. ते उतरवून भरवशाचे दर्जे उघडून बघा.

आणि अकोल्याच्या भावा, तुझ्यासाठी. दिशा-सेन्सर बसेपर्यंत मालकाला सांगून रडारचं चित्र नकाशावरून काढून टाक. पडदा दोन भागांत कर, डावीकडे नकाशा, उजवीकडे नाक-वर रडार. जुळवण्याचं काम तेवढे दिवस तुझ्या डोक्याने करायचं. त्रासाचं आहे. पण उजवीकडच्या खिडकीत तुला एकच जेटी दिसेल, आणि ती नाकापासून जिथे दिसेल तिथेच असेल.